काळ्या दगडातील काळा कण

वऱ्हाड म्हटले की डोळ्यांपुढे येते ती काळी कसदार जमीन आणि तिच्यावर फुटलेला पांढराशुभ्र कापूस. ही माती ज्या दगडाची झीज होऊन तयार झाली, त्या दगडाकडे मात्र आपले सहसा लक्ष जात नाही. वास्तविक तो आपल्याला पदोपदी भेटतो. गाविलगडचा डोंगर त्याचा, बार्शीटाकळीचे हेमाडपंती देऊळ त्याचे, आजीच्या काळचे जाते आणि पाटा-वरवंटा त्याचेच. विहीर खणताना मुरूम संपून ज्या कठीण पाषाणाला सुरुंग लावावा लागतो, तोही हाच. भूशास्त्रज्ञ त्याला बेसॉल्ट म्हणतात. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तापलेला शिलारस बाहेर आला, थरावर थर पसरत गेला आणि थिजून त्याचा हा दगड झाला. आजही सुमारे पाच लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश या थरांनी व्यापलेला आहे. चिखलदऱ्याचा घाट चढताना डोंगरउतारावर ज्या पायऱ्या-पायऱ्या दिसतात, त्या या थरांच्याच कडा होत. ‘दख्खन ट्रॅप’ या नावातील ‘ट्रॅप’ हा शब्दही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेला आहे.

या दगडाने एक विलक्षण गोष्ट नोंदवून ठेवली आहे. शिलारस थिजला तेव्हा आपला वऱ्हाड विषुववृत्ताच्या दक्षिणेस होता. आज आफ्रिकेतील डर्बन शहर ज्या अक्षवृत्तावर आहे, त्याच्या आसपास. ऐकणाऱ्याचा यावर सहजासहजी विश्वास बसणार नाही, आणि बसूही नये.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला एखादे जुने पत्र सापडले म्हणजे तो लगेच त्यातील मजकुरावर विसंबत नाही. कागद त्या काळचा आहे काय, अक्षरे मागाहून कोणी गिरविली आहेत काय, हे तो आधी पाहतो. अस्सल कागदांचा आग्रह धरणाऱ्या इतिहासाचार्य राजवाड्यांच्या महाराष्ट्रात हे निराळे सांगावयास नको. दगडातील नोंदीलाही हाच नियम लागू आहे. ही नोंद असते लोहाच्या एका काळ्या ऑक्साइडच्या बारीक कणांत. उष्णतेने आणि थंडीने त्या ऑक्साइडच्या स्फटिकाची रचना कशी बदलते हे कळल्यावाचून, ती नोंद अस्सल की मागाहून गिरविलेली, हे ठरविता येत नाही. प्रस्तुत लेखात त्या रचनेची आणि तिच्यातील बदलांची ओळख करून घ्यावयाची आहे.

संत्र्यांची रास

पूर्णा, मोर्णा किंवा पेढी नदीच्या कोरड्या वाळूतून लोहचुंबक फिरवावे. त्याला बारीक काळ्या कणांच्या मिशा फुटतात. हे कण बेसॉल्टमधून झिजून आलेले असतात. त्यांतील मुख्य पदार्थ मॅग्नेटाइट. म्हणजे तीन भाग लोह आणि चार भाग ऑक्सिजन असे अणूंचे प्रमाण असलेला लोहाचा ऑक्साइड. बेसॉल्टमध्ये त्याचा वाटा वजनाने अगदी थोडा, पण दगडाच्या अंगी चुंबकत्व येते ते बहुतांशी त्याच्यामुळे.

या कणाच्या आत अणूंची मांडणी कशी आहे, हे १९१५ साली इंग्लंडात विल्यम हेन्री ब्रॅग यांनी आणि जपानात शोजी निशिकावा यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने शोधून काढले. ती समजण्यासाठी आपल्याला प्रयोगशाळेत जाण्याचे कारण नाही. मोर्शी-वरुडच्या बाजारातील संत्र्यांची रास पुरे. दुकानदार संत्र्यांचा एक थर लावतो. दुसऱ्या थरातील संत्री पहिल्या थरातील खळग्यांत बसतात. तिसरा थर लावताना दोन मार्ग असतात. तिसऱ्या थरातील संत्री पहिल्या थरातील संत्र्यांच्या बरोबर डोक्यावर येतील अशी बसविता येतात. किंवा थोडी सरकवून, पहिल्या दोन्ही थरांहून वेगळ्या जागी बसविता येतात. पहिल्या मार्गाने गेल्यास दोन-दोन थरांची आवृत्ती होते, दुसऱ्याने तीन-तीन थरांची. राशीची उंची तीच, संत्री तितकीच. तरी मांडणी निराळी. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिच्यावर बरेच अवलंबून आहे.

मॅग्नेटाइटमध्ये ऑक्सिजन म्हणजे ही संत्री, आणि ती तीन-तीन थरांच्या पद्धतीने रचलेली. संत्री कितीही दाटीने लावली तरी मध्ये पोकळ्या राहतातच. काही लहान, चार संत्र्यांनी वेढलेल्या. काही थोड्या मोठ्या, सहा संत्र्यांनी वेढलेल्या. या पोकळ्यांत लोह बसलेले असते. ज्या घनाकृती घटकाची पुनरावृत्ती होऊन स्फटिक बनतो, त्यात ऑक्सिजन ३२ आणि लोह २४. त्यांपैकी आठ लोह लहान पोकळ्यांत आणि सोळा मोठ्या पोकळ्यांत. पुष्कळशा पोकळ्या रिकाम्याच असतात.

लोहाचेही दोन प्रकार आहेत. काहींनी दोन इलेक्ट्रॉन गमावलेले असतात, काहींनी तीन. मोठ्या पोकळ्यांत हे दोन्ही प्रकार निम्मे-निम्मे असतात आणि त्यांच्यात एका इलेक्ट्रॉनची सारखी देवघेव चालते. या देवघेवीमुळेच मॅग्नेटाइट काळाकुट्ट असतो आणि ऑक्साइड असूनही वीज बऱ्यापैकी वाहून नेतो. शिवाय प्रत्येक लोह-अणू हा एक चिमुकला चुंबक आहे. लहान पोकळ्यांतले चुंबक एका दिशेला तोंड करतात, मोठ्या पोकळ्यांतले नेमके उलट दिशेला. दुसरा पक्ष संख्येने मोठा असल्याने त्याची सरशी होते आणि जी शिल्लक उरते, ते कणाचे चुंबकत्व. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई नेएल यांनी १९४८ साली ही उपपत्ती मांडली. त्यांना १९७० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

भट्टीत काय होते?

उष्णतेने लोहाच्या ऑक्साइडची रचना बदलते याचे उदाहरण गावोगावच्या वीटभट्टीत दिसते. गाळाच्या मातीची कच्ची वीट पिवळसर किंवा तपकिरी असते, भाजल्यावर ती लाल होते. मातीतील काही लोह पाण्याच्या अंशासह बांधलेले असते. सुमारे तीनशे अंश सेल्सिअसच्या आसपास ते पाणी निघून जाते, उरलेले अणू नव्याने लागतात आणि हेमॅटाइट नावाचा लाल ऑक्साइड तयार होतो. पोळ्याला बैलांना लावायचा गेरू लाल असतो तो याच हेमॅटाइटमुळे. हेमॅटाइटमध्ये ऑक्सिजनची रास दोन-दोन थरांची असते.

आता मॅग्नेटाइटकडे वळू. दगड लक्षावधी वर्षे ऊन-पाणी खात उघड्यावर पडला की त्यातील मॅग्नेटाइटचे हळूहळू आणखी ऑक्सिडीकरण होते. त्यातून मॅगहेमाइट नावाचा पदार्थ बनतो. त्याचे रासायनिक प्रमाण हेमॅटाइटचेच, म्हणजे दोन भाग लोह आणि तीन भाग ऑक्सिजन. परंतु त्याची रास मात्र मॅग्नेटाइटसारखी तीन-तीन थरांचीच राहते, फक्त लोहाच्या काही जागा रिकाम्या पडतात. टेपरेकॉर्डरच्या फितींवर जो तपकिरी लेप असे, तो बहुधा याच मॅगहेमाइटचा. गाणे साठवून ठेवण्याइतके त्याचे चुंबकत्व भरभक्कम आहे. पण त्याला साधारण साडेतीनशे अंशांच्या पुढे तापवीत नेले की रास ढासळते आणि दोन-दोन थरांच्या पद्धतीने पुन्हा रचली जाते. मॅगहेमाइटचा हेमॅटाइट होतो. अणू तेच, प्रमाण तेच, तरी चुंबकत्व जवळजवळ नाहीसे होते. थंड केल्यावर जुनी रास परत येत नाही. हा बदल एकेरी रस्त्याचा आहे.

शिलारसाने घेतलेली नोंद

बेसॉल्टचा शिलारस बाहेर येतो तेव्हा त्याचे तापमान अकराशे अंशांच्या वर असते. तो थिजू लागला की त्यात काळे ऑक्साइड-कण स्फटिकरूप धारण करतात. या पहिल्या कणांत लोहाबरोबर टायटॅनियम भरपूर मिसळलेले असते. अशा टायटॅनियमयुक्त कणाचे चुंबकत्व दुबळे; दीडशे-दोनशे अंशांपर्यंत तापले तरी ते जाते.

मात्र थर जाड असेल, सावकाश निवत असेल आणि त्यात ऑक्सिजनचा शिरकाव झाला असेल, तर सहाशे अंशांच्या वर असतानाच कणाच्या आत वाटणी होते. टायटॅनियम वेगळे होऊन इल्मेनाइट नावाच्या खनिजाच्या पातळ पट्ट्या बनतात आणि त्या पट्ट्यांच्या मध्ये जवळजवळ शुद्ध मॅग्नेटाइट उरतो. घरात भावांची वाटणी होऊन मध्ये भिंती पडाव्यात तसे हे चित्र सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. एका मोठ्या कणाचे असे अनेक छोटे कप्पे होतात.

पुढे तापमान ५८० अंशांच्या खाली आले की मॅग्नेटाइटमधील अणुचुंबक शिस्तीत उभे राहतात. या तापमानाला क्युरी तापमान म्हणतात. या क्षणी पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र ज्या दिशेला असेल, ती दिशा कण स्वीकारतात. आणखी थोडे निवले की ती दिशा पक्की होते. शिलारसाने घेतलेली नोंद ती हीच.

आता या दिशेवरून स्थान कसे कळते? मोकळी टांगलेली चुंबकसूची नुसती उत्तर-दक्षिण राहत नाही, ती जमिनीकडे झुकतेही. विषुववृत्तावर ती आडवी असते, ध्रुवावर उभी. मधल्या प्रदेशांसाठी नियम असा: नतिकोनाची स्पर्शज्या ही अक्षांशाच्या स्पर्शज्येच्या दुप्पट असते. क्षेत्रातील किरकोळ चढउतारांची हजारो वर्षांची सरासरी घेतली म्हणजे हा नियम चांगला लागू पडतो. अमरावती २१ उत्तर अक्षांशाजवळ आहे. नियमाप्रमाणे तिचा नतिकोन सुमारे ३७ अंश आणि सूचीचे उत्तर टोक खाली झुकलेले असावयास हवे. दख्खनच्या दगडांत मात्र ५० अंशांच्या जवळपासचा कोन आणि तोही उलट बाजूचा सापडतो. ४९ अंश नतिकोन म्हणजे ३० अंश अक्षांश, आणि झुकण्याची बाजू दक्षिण गोलार्धाची.

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातील क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी भारतीय खडकांच्या चुंबकत्वावरील आपला निबंध १९५६ साली प्रसिद्ध केला. त्यानंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या कामाने मूळ धरले. डॉइच, राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांचा दख्खन ट्रॅपच्या पुराचुंबकत्वावरील निबंध १९५९ सालचा. निष्कर्ष असा होता की, भारतभूमी उत्तरेकडे सरकत आली आहे आणि येताना थोडी डावीकडे वळलीही आहे. आजच्या हिशेबाने बोलायचे तर, साडेपाच हजार किलोमीटरचे अंतर ६ कोटी ६० लक्ष वर्षांत, म्हणजे वर्षाला सरासरी आठ सेंटिमीटरच्या आसपास. हाताची नखे वाढतात त्याच्या साधारण दुप्पट वेग.

वेगेनर यांनी १९१२ साली खंडविप्लवाची कल्पना मांडली होती. परंतु बहुसंख्य भूशास्त्रज्ञांनी ती चाळीस वर्षे अमान्यच ठेवली होती. अशा वेळी दख्खनच्या काळ्या दगडाची ही नोंद म्हणजे मोठाच पुरावा. साहजिकच त्याच्यावर आक्षेपही तितकेच जोरदार आले.

अस्सल की गिरविलेली?

मुख्य आक्षेप दोन होते. पहिला असा: दगड सहा-साडेसहा कोटी वर्षे जमिनीत होता. पाणी झिरपले, कण गंजले, मॅग्नेटाइटचा मॅगहेमाइट झाला. या नव्या पदार्थाने आपली दिशा शिलारस थिजताना घेतली की मागाहून केव्हातरी? मागाहून घेतली असेल तर नोंद गिरविलेली ठरते आणि तिच्यावरून काढलेले अक्षांश व्यर्थ. डोंगरमाथ्यावरील दगडांचा तर आणखी एक धोका असतो. त्यांच्यावर वीज कोसळते आणि तिच्या प्रचंड प्रवाहाने जुनी नोंद पार पुसून जाते.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म होता. दख्खनच्या पुष्कळशा थरांत चुंबकत्व चक्क उलटे आहे. उत्तर ध्रुव जिथे असावा तिथे दक्षिण. त्याचा एक अर्थ असा की, त्या काळी पृथ्वीचे क्षेत्रच उलटे होते. फ्रान्समध्ये ब्रून यांना १९०६ मध्ये आणि जपानात मातुयामा यांना १९२९ मध्ये असे उलटे दगड मिळाले होते. पण दुसराही अर्थ संभवतो: क्षेत्र सुलटच होते, दगडानेच कोलांटी घेतली. ऑक्साइडमध्ये परस्परविरुद्ध दोन पक्ष असतात हे आपण पाहिले. तापमान उतरताना दुर्बल पक्ष सबळ झाला तर कणाचे चुंबकत्व आपोआप उलटेल, असे नेएल यांनी १९५१ साली दाखविले. आणि जपानातील हारुना ज्वालामुखीचा एक दगड प्रयोगशाळेत खरोखरच तसा वागला. मग दख्खनच्या दगडाचे काय? त्याचा मजकूर खरा, की आरशातील प्रतिबिंबासारखा?

या प्रश्नांची उत्तरे दगडाची दिशा पुनःपुन्हा मोजून मिळत नाहीत. त्यासाठी कण कोणत्या जातीचा आहे तेच पाहावे लागते. तो शुद्ध मॅग्नेटाइट आहे, की टायटॅनियमयुक्त, की गंजून झालेला मॅगहेमाइट?

दगड तापवून पाहणे हा एक मार्ग. शुद्ध मॅग्नेटाइटचे चुंबकत्व ५८० अंशांवर जाते, टायटॅनियमयुक्त कणाचे त्याच्या बरेच आधी. पण या परीक्षेत एक खोट आहे. आपण भट्टीच्या प्रकरणात पाहिले की तापविताना ऑक्साइडच बदलतो. मॅगहेमाइटचा हेमॅटाइट होतो. हवा लागली तर मॅग्नेटाइटचेही ऑक्सिडीकरण होते. जुन्या पत्राची शाई तपासण्यासाठी ते आगीवर धरावे तशातली ही गत. परीक्षेनंतर मूळ कागद उरतोच असे नाही.

थंडीची कसोटी

दुसरा मार्ग आहे दगड थंड करण्याचा. आणि साधासुधा थंड नव्हे, तर द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांपर्यंत.

हॉलंडमधील फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करणारे एव्हर्ट फेरवे यांनी १९३९ साली मॅग्नेटाइटविषयी एक महत्त्वाची गोष्ट प्रसिद्ध केली. शुद्ध मॅग्नेटाइट थंड करीत नेला की उणे १५३ अंशांच्या सुमारास त्याचा विद्युत्‌रोध एकदम सुमारे शंभरपट वाढतो. फेरवे यांचे स्पष्टीकरण असे: मोठ्या पोकळ्यांतील लोह-अणूंमध्ये जी इलेक्ट्रॉनची देवघेव चालू असते, ती या तापमानाला थांबते. कोणत्या अणूकडे इलेक्ट्रॉन राहायचा आणि कोणाकडे नाही, हे नक्की होते.

त्याबरोबर स्फटिकाची रचनाही बदलते. पूर्वी तो घनाकृती होता, तिन्ही बाजू समान आणि सर्व कोन काटकोन. आता बाजू थोड्या असमान होतात आणि एक कोन काटकोनापासून ढळतो. तोही पाव अंशाहून कमी. अशा रचनेला एकनताक्ष रचना म्हणतात. संत्र्यांची रास येथे मोडत नाही. ती किंचित कलते, इतकेच. म्हणूनच हा बदल उलटविता येतो. दगड पुन्हा नेहमीच्या तापमानाला आणला की स्फटिक पूर्ववत घनाकृती होतो. रासायनिक दृष्ट्या काहीही बिघडलेले नसते.

बाहेरून पाहता हा बदल नगण्य. चुंबकत्वावरील त्याचा परिणाम मात्र ठळक. चुंबकीय क्षेत्राला दगड किती प्रतिसाद देतो ते मोजत थंड करीत गेले, तर शुद्ध मॅग्नेटाइटच्या मोठ्या कणांचा प्रतिसाद उणे १४० ते १५० अंशांच्या दरम्यान शिखर गाठतो आणि त्याखाली कड्यावरून घसरावे तसा एकदम घसरतो.

आता यातील उपयोगाची गोष्ट अशी की, हे वागणे फक्त शुद्ध मॅग्नेटाइटचे आहे. त्यात थोडे टायटॅनियम मिसळले की उणे १५३ चा आकडा खाली उतरतो. प्रमाण आणखी वाढले की बदल मुळी होतच नाही. गंजून लोहाच्या जागा रिकाम्या झाल्या तरी तीच गत. इलेक्ट्रॉनची जी देवघेव थांबावयाची, तीच अशा स्फटिकात विस्कळीत झालेली असते. तेव्हा दगड थंड करताच कण आपली जात सांगतो. शिखर दिसले तर समजावे की येथे शुद्ध मॅग्नेटाइट आहे. बेसॉल्टमध्ये शुद्ध मॅग्नेटाइट येतो तो बहुधा त्या पहिल्या वाटणीतून, म्हणजे शिलारस निवतानाच सहाशे अंशांच्या वर झालेल्या बदलातून. त्याची दिशा ५८० अंशांच्या खाली येताना घेतलेली, म्हणून ती थिजण्याच्या वेळचीच ठरते. शिखर दिसले नाही आणि कण गंजल्याची लक्षणे असली, तर त्या दगडाच्या मजकुराकडे सावधपणे पाहावे.

टाटा संस्थेतील संशोधकांनी ही कसोटी बेसॉल्टला पद्धतशीरपणे लावली. दगडाच्या छोट्या तुकड्याचे चुंबकीय वर्तन चटकन मोजता यावे म्हणून लिखिते, राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांनी स्वतःच एक उपकरण बनविले; त्याचे वर्णन १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे कमी तापमानातील मोजमापांवरून त्यांनी बेसॉल्टमधील कणांची वर्गवारी केली: मोठे शुद्ध कण, अगदी सूक्ष्म कण, आणि लोहाच्या जागा रिकाम्या असलेले कण. कणांचे स्वरूप आणि दगडाचे टिकाऊ चुंबकत्व यांच्या संबंधावरील या तिघांचा निबंध १९७७ सालचा आहे. महाराष्ट्राच्या काळ्या दगडावर महाराष्ट्रातच झालेले हे काम आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळते.

थंडीचा आणखी एक उपयोग आहे. चुंबकीय क्षेत्रापासून संरक्षित अशा पेटीत दगड उणे १५३ च्या खाली नेऊन परत आणला की मोठ्या कणांतील सैल चुंबकत्व बरेचसे झडून जाते. सूक्ष्म कणांतील आणि इल्मेनाइटच्या भिंतींनी पाडलेल्या छोट्या कप्प्यांतील घट्ट चुंबकत्व टिकून राहते. सैल ते बहुधा अलीकडच्या काळात चिकटलेले असते, घट्ट ते जुने. जात्यावर दळलेले पीठ चाळणीने चाळावे तशी ही नोंद चाळली जाते.

कसोटीची मर्यादा

असे असले तरी एकट्या थंडीच्या कसोटीवर सर्व भिस्त ठेवता येत नाही, हेही सांगितले पाहिजे. ती कणाची जात सांगते. दगडाचे वय किंवा क्षेत्राची दिशा सांगत नाही. शिवाय शिखर सर्वांत स्पष्ट दिसते ते मोठ्या कणांत, आणि मोठे कण स्मरणशक्तीला कच्चे असतात. म्हणून कणाची शुद्धता आणि त्याचा आकार, दोन्हींची परीक्षा एकत्र घ्यावी लागते.

उलट्या चुंबकत्वाचा वाद शेवटी मिटला तो अनेक पुरावे एका जागी आल्यामुळे. ब्रून यांनी १९०६ मध्येच दाखविले होते की, उलट्या लाव्ह्याखाली भाजून निघालेली मातीही उलट्याच दिशेची असते. लाव्हा आणि माती यांतील खनिजे निराळी; दोघांनी एकाच वेळी कोलांटी घ्यावी हे असंभवनीय. पुढे १९६० च्या दशकात अमेरिकेतील कॉक्स, डोएल आणि डॅलरिंपल यांनी निरनिराळ्या ठिकाणच्या लाव्ह्यांची वये काढली, तेव्हा एकाच वयाचे दगड सर्वत्र एकाच बाजूचे निघाले. क्षेत्रच उलटले होते हे सिद्ध झाले. आपोआप उलटणारे हारुनासारखे दगड अपवाद ठरले. दख्खनच्या थरांपैकी मोठा भाग अशाच एका उलट्या कालखंडातला आहे, आणि डायनोसॉरांचा अंत झाला तोही याच कालखंडात.

खुद्द मॅग्नेटाइटचे कोडे मात्र दगडांच्या वादाहून चिवट निघाले. उणे १५३ अंशांखालील रचना नेमकी कशी आहे, याविषयी फेरवे यांच्यानंतर सत्तर वर्षे वाद चालला. २०१२ साली सेन, राइट आणि अॅटफील्ड यांनी केसाच्या जाडीहूनही लहान अशा स्फटिकावर क्ष-किरण टाकून तिचा तपशील प्रसिद्ध केला. इलेक्ट्रॉन एकेका अणूवर स्वस्थ बसतो ही फेरवे यांची कल्पना साधारणपणे बरोबर होती. पण तो पुरता एकट्याचा होत नाही, एका ओळीतील तीन लोह-अणूंत थोडाथोडा वाटला जातो, असे आढळले. आठ दशलक्षांश नव्हे, तर उघड्या डोळ्यांना दिसणाऱ्या नदीच्या वाळूतला हा पदार्थ; माणसाने लोहचुंबक म्हणून ओळखलेला सर्वांत जुना. त्याची थंडीतील घडण कळावयास २०१२ साल उजाडावे लागले.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने या सगळ्याकडे का पाहावे, असा प्रश्न कोणी करील. त्याचे उत्तर अवघड नाही. वऱ्हाड दक्षिणेत होता हे वाक्य पाठ करणे सोपे आहे. ते वाक्य कोणत्या साधनावर उभे आहे, ते साधन कोणी, कसे पारखले, आणि पारख करताना साधनालाच इजा पोहोचू नये म्हणून कोणती काळजी घेतली, हे विचारणे अधिक मोलाचे. बखर वाचणाऱ्याला आणि दगड वाचणाऱ्याला हे प्रश्न सारखेच लागू आहेत. गाविलगडच्या तटाला हात लावताना आपण गवळ्यांचा, बहामनींचा आणि भोसल्यांचा इतिहास आठवतो. त्याच तटाच्या दगडात, त्या सर्वांच्या कोट्यवधी वर्षे आधीचा एक कागद, काळ्या कणांच्या लिपीत, अजून जपून ठेवलेला आहे.